पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितली, मग वसईच्या बुरुजांना संतांची नावं कशी?

खाडीपलीकडे

वसई धर्मप्रांतातल्या एका धर्मग्रामात युवा गटासाठी दोन तासांचं सत्र ठरलंय. विषय : युद्ध, अहिंसा आणि बळाचा वापर, ख्रिस्ती नजरेतून. तीसेक मुलंमुली, वय १७ ते २५. दोघं-तिघं पोलीस भरतीच्या मागे आहेत, बरीचशी मच्छीमार घरांतली. त्यामुळे "हिंसा वाईट, शांती चांगली" एवढ्यावर मुलं सोडणार नाहीत.

हवंय ते असं : शास्त्रातली दोन्हीकडची वचनं, कॅथलिक शिकवण कलम-क्रमांकासकट आणि आपल्या किनाऱ्यावरचं एखादं उदाहरण. इतर पंथांचं मतही हवंच. फक्त 'पोर्तुगीज विरुद्ध मराठे' असा सामना इथे लावू नका, प्लीज.

कंदीलवाला

वचनांपासून सुरुवात करू. पहिली ठेच दहा आज्ञांच्या क्रमांकालाच लागते. "खून करू नको" ही कॅथलिकांची पाचवी आणि बहुतेक प्रोटेस्टंटांची सहावी आज्ञा. मजकूर एकच, मोजणी वेगळी : कॅथलिक परंपरा मूर्तीबद्दलचं वचन पहिल्या आज्ञेतच धरते आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन करते. मिश्र गटात यावरच दहा मिनिटं जातात, म्हणून मुलांना द्यायच्या वचनाच्या कार्डावर "निर्गम २०:१३" एवढंच लिहा.

मूळ हिब्रू शब्द 'रात्साख'. रणांगणावर मारण्यासाठी तो सहसा येत नाही, म्हणून मराठीतला 'खून' बऱ्यापैकी बसतो. पण गणना ३५ मध्ये चुकून झालेल्या मृत्यूलाही हाच शब्द आहे. म्हणजे "खून म्हटलंय, युद्ध नाही, विषय संपला" असं म्हणता येत नाही.

मत्तय ५ मध्ये आपल्या मराठी बायबलने एक सुंदर काम केलंय. "जो कोणी तुला वेठीस धरून एक कोस नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जा." वेठ म्हणजे काय हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. रोमी शिपाई रस्त्यावरच्या माणसाला पकडून ओझं वाहायला लावायचा. कुरेनेकर शिमोनाला क्रूस वाहायला लावलं तिथे (मत्तय २७:३२) ग्रीकमध्ये तेच क्रियापद आहे. ही दोन वचनं शेजारी-शेजारी ठेवा. 'दुसरा कोस' हा भाबडेपणा नाही हे मुलांना आपोआप कळतं. पहिला कोस शिपायाच्या हुकमाचा, दुसरा चालणाऱ्याच्या मर्जीचा.

दुसऱ्या बाजूची वचनं :
लूक ३:१४. शिपाई योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, जुलूम करू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधान माना. नोकरी सोडा असं म्हणत नाही.
मत्तय ८ चा शताधिपती (शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी), प्रेषितांची कृत्ये १० मधला शताधिपती कर्नेल्य. दोघांच्याही विश्वासाची वाखाणणी आहे, राजीनाम्याचा उल्लेख नाही.
रोमकरांस १३:४. अधिकारी "व्यर्थ तलवार धारण करत नाही".

आता घसरण्याच्या जागा. लूक २२:३६, "झगा विकून तलवार घ्या", हे एकटं वचन व्हॉट्सअॅपवर फिरतं. दोनच ओळी पुढे शिष्य म्हणतात, दोन तलवारी आहेत. येशू म्हणतो, पुरे. अकरा जणांत दोन तलवारींनी कसली लढाई? आणि त्याच रात्री पेत्र या शिष्याने त्यातली एक उपसली, तर येशू ती म्यानात घालायला सांगतो आणि कापलेला कान बरा करतो. येशूने मंदिरातल्या विक्रेत्यांना कोरड्याने हाकललं, त्याचंही तसंच. कोरडा फक्त योहानाच्या शुभवर्तमानात आहे, आणि तिथेही तो माणसांवर पडला की मेंढरं-बैलांवर यावर वाद आहे.

रोम १३ वाचताना १२:१९ पासून वाचायला लावा. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, पौलाची नव्हे. "सूड उगवू नका" आणि "तो तलवार धारण करतो" ही एकाच पत्राची लागून आलेली वाक्यं आहेत. मध्येच कापली की अर्धं तत्त्वज्ञान हरवतं.

मालवणी_खाजा

बरां झालां धागो काढलास तो. माका एकच सांगा, सुरुवातीचे ख्रिस्ती फौजेत होते की नव्हते? एक जण म्हणता तीनशे वर्षां कोणी शस्त्र धरूक नाय, दुसरो म्हणता रोमी फौजेत हजारांनी होते.

जुनी_दप्तरं

दोन्ही अर्धं खरं. तर्तुलियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाचंच घ्या. १९७ च्या सुमाराला रोमी अधिकाऱ्यांपुढे बाजू मांडताना तो म्हणतो, आम्ही तुमच्याबरोबर दर्यावर जातो, तुमच्याबरोबर लढतो. पुढे स्वतःच्या लोकांसाठी लिहिताना म्हणतो, पेत्राची तलवार काढून घेतली तेव्हा प्रभूने प्रत्येक शिपायाचा कमरपट्टा सोडला. म्हणजे ख्रिस्ती शिपाई होते, आणि धर्मपंडितांना ते खटकत होते.

खटकण्याची कारणं दोन, आणि ती वेगळी ठेवा : रक्तपात, आणि सम्राटाच्या नावाने घ्यायची शपथ व द्यायचा बळी. 'प्रेषितीय परंपरा' नावाचा जुना नियमसंग्रह दोन्ही धरतो : हाताखालच्या शिपायाने हुकूम झाला तरी मारू नये, शपथ घेऊ नये, आणि बाप्तिस्म्याची तयारी करणारा स्वतःहून फौजेत जाऊ पाहील तर त्याला काढून टाकावं. २९५ साली उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या मुलाने भरतीला नकार दिला म्हणून त्याचं डोकं उडवलं. तो संत आहे. मजा अशी की त्याच खटल्यात अधिकारी त्याला ऐकवतो, सम्राटांच्या फौजेत ख्रिस्ती शिपाई आहेतच की.

मग वारं फिरलं. ३१४ च्या आर्लच्या परिषदेने तर शांततेच्या काळात हत्यार टाकणाऱ्यालाच ख्रिस्तप्रसादापासून (मिस्सेतल्या पवित्र भाकरीपासून) दूर ठेवायचं ठरवलं. त्या 'शांततेच्या काळात'चा अर्थ काय यावर अभ्यासक अजून भांडतात.

मुलांना दाखवण्याजोगी वस्तू म्हणजे संत बाझिलचा १३ वा नियम, चौथ्या शतकातला. युद्धात मारणं पूर्वजांनी खुनात धरलं नाही, हे तो मान्य करतो. पण अशांचे हात स्वच्छ नाहीत, त्यांनी तीन वर्षं ख्रिस्तप्रसाद घेऊ नये हे बरं, असा सल्लाही देतो. युद्ध कायदेशीर असू शकतं, तरी हाताला लागलेलं रक्त धुवावं लागतं. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर तर जिंकणाऱ्या नॉर्मन शिपायांनाच मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष प्रायश्चित्त लावलं होतं. ही लढाई पोपच्या पाठिंब्याने झाली असं मानलं जायचं, तरीही! आज कुठल्याही देशात विजयी फौजेला असं काही सांगून बघा.

दगडी_जेट्टी

कॅथलिक शिकवण मी देतो. 'न्याय्य युद्धा'च्या सिद्धांताचा सांगाडा संत ऑगस्टीन या जुन्या धर्मपंडिताचा, बांधकाम मध्ययुगातल्या थॉमस अक्वायनसचं. त्याच्या 'सुम्मा' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या खंडात प्रश्न ४०. अटी तीन : अधिकार असलेला राज्यकर्ता, न्याय्य कारण, सरळ हेतू. लक्षात घ्या, प्रश्नाचं शीर्षकच "युद्ध करणं नेहमीच पाप आहे का?" असं आहे. म्हणजे तो समर्थन करायला नव्हे, अपवाद शोधायला बसलाय.

आजच्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात (कॅटेकिझम) कलम २३०९ : समोरच्याने केलेली हानी टिकाऊ, गंभीर आणि निश्चित असावी, बाकीचे सगळे उपाय अव्यवहार्य किंवा निष्फळ ठरलेले असावेत, यशाची खरीखुरी शक्यता असावी, आणि आपल्या शस्त्रांनी होणारं नुकसान टाळू पाहतोय त्यापेक्षा मोठं नसावं.

सगळ्यात जास्त चूक इथे होते. मुलं याला परीक्षेचा पेपर समजतात, चारपैकी तीन मिळाले म्हणजे पास. कलमात स्पष्ट आहे की या अटी *एकाच वेळी* पूर्ण व्हायला हव्यात. एक गळली की बाकीच्या तीन कितीही भक्कम असोत, शून्य. होडीच्या तळाच्या फळ्यांसारखं आहे हे, तीन चांगल्या फळ्यांवर होडी तरंगत नाही.

दुसरी चूक : "कारण न्याय्य होतं, मग कसंही लढलं तरी चालतं." नाही. युद्धात उतरणं योग्य का, हा एक प्रश्न. आत शिरल्यावर कसं लढायचं, हा वेगळा. २३१२ ते २३१४ ही कलमं त्यासाठीच आहेत. सामान्य लोक, जखमी, कैदी यांना हात लावायचा नाही, आणि अख्खी शहरं बेचिराख करणं हा देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध अपराध.

तिसरी : निर्णय कोणाचा? २३०९ च्याच शेवटी तो सार्वजनिक हिताची जबाबदारी असलेल्यांवर सोपवलाय. माझ्या मते अख्ख्या सिद्धांताची ही सगळ्यात कच्ची फळी. युद्ध करू पाहणाराच परीक्षक. आजवर कुठल्या राजाने स्वतःला नापास केलंय?

पोलीस भरतीवाल्यांसाठी २३१०, फौजेत सचोटीने काम करणारे सुरक्षेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक आहेत. शेजारीच २३११, विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र नाकारणाऱ्यांची सोय सरकारने करावी, पण त्यांनी समाजाची दुसऱ्या मार्गाने सेवा करायची. आपल्याकडे सक्तीची भरती नाही म्हणून हे कलम कागदावरच राहतं.

आणि पोप फ्रान्सिस यांचं २०२० चं परिपत्रक 'फ्रातेल्ली तुत्ती' विसरू नका. परिच्छेद २५८ म्हणतो की पूर्वीच्या शतकांतले निकष लावून आज 'न्याय्य युद्ध' म्हणणं फार कठीण झालंय. खरी गंमत तळटीप २४२ मध्ये आहे : ऑगस्टीनने घडवलेली ती कल्पना आज आपण धरून नाही, असं तिथे लिहिलंय. एवढी मोठी गोष्ट तळटिपेत! पण २३०९ रद्द झालेलं नाही, हेही त्याच दमात सांगा, नाहीतर कोणीतरी फादरांकडे तक्रार घेऊन जाईल.

मालवणी_खाजा

आणि फादर लोकांचा काय? ते फौजेत असतत ना?

दगडी_जेट्टी

असतात, पण लढायला नाही. चर्चच्या कायद्यातल्या कलम (कॅनन) २८९ प्रमाणे धर्मगुरूने आपल्या वरिष्ठांच्या परवानगीशिवाय स्वतःहून लष्करी सेवेत जायचं नाही. भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्यासारखीच 'पाद्री' ही धर्मशिक्षकाची जागा असते, हुद्दा जेसीओचा (कनिष्ठ आयोगित अधिकारी). दीक्षित असणं आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत नाव असणं ही अट.

घोलवडचे_चिकू

कॅथलिक बाजू छान आली, पण आमच्या डहाणूचा विसर पडला. 'चर्च ऑफ द ब्रदरन' या प्रोटेस्टंट पंथाचं काम डहाणूत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, दवाखान्यासकट. ही मंडळी १७०८ साली जर्मनीत श्वार्झेनाउ इथे सुरू झालेली. मेनोनाइट आणि क्वेकर या पंथांबरोबर त्यांना ऐतिहासिक 'शांतीमंडळ्या' म्हणतात. सरळ भूमिका : ख्रिस्ताच्या शिष्याने युद्धात भाग घ्यायचा नाही. सगळं युद्ध पाप.

याच घराण्यातल्या ॲनाबॅप्टिस्टांचा (बाप्तिस्मा मोठेपणीच घ्यावा असं मानणाऱ्यांचा) १५२७ चा श्लाइटहाइम जाहीरनामा बघा, सहावं कलम. तलवार देवानेच नेमलीय, पण "ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेर". म्हणजे रोम १३ ते नाकारत नाहीत. राज्याला तलवार लागते हे मान्य, फक्त ती आमच्या हाती नको. यावरचा आक्षेप उघड आहे : मग तुमचं रक्षण दुसऱ्याने पाप करून करायचं का? त्यांच्यापैकी प्रामाणिक माणसं हा आक्षेप जड आहे असं मान्य करतात.

पण "काहीच करायचं नाही" असा त्याचा अर्थ लावू नका. १५६९ साली हॉलंडमध्ये डिर्क विलेम्स हा ॲनाबॅप्टिस्ट कैदेतून पळत होता. पातळ बर्फावरून तो पार झाला, मागे लागलेला शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. डिर्क परत फिरला, त्याला बाहेर काढला, पकडला गेला आणि जाळला गेला. शांतीमंडळ्या हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या मुलांना दाखवतात. सत्रात हे सांगून दोन मिनिटं गप्प बसा. "मूर्ख होता" असं कोणीतरी म्हणणारच. म्हणू द्या, तिथूनच चर्चा सुरू होते.

आता आमच्याकडची गाठ. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात ब्रदरनही होते आणि अँग्लिकनही (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले). अँग्लिकनांच्या ३९ धर्मकलमांतलं ३७ वं म्हणतं, अधिकाऱ्याच्या हुकमाने ख्रिस्ती माणसाने शस्त्र धरून युद्धात जाणं योग्य आहे. एका छपराखाली दोन वारस, एकाच्या वाट्याला तलवार आणि दुसऱ्याच्या वाट्याला तिचा नकार. (गुजरातेत काही ब्रदरन मंडळ्या पुढे वेगळ्या राहिल्या, पण ते भांडण मालमत्तेचंही आहे.)

हापूस_नको_पायरी_द्या

हिटलरचं काय? हा प्रश्न हमखास येणार.

जुनी_दप्तरं

दोन नावं तयार ठेवा. डीट्रिश बॉनहॉफर, जर्मन लुथरन पाळक, शांततावादाकडे झुकलेला, तरी हिटलरविरोधी कटाच्या वर्तुळात गेला. ९ एप्रिल १९४५ ला फाशी. फ्रान्झ येगरश्टेटर, ऑस्ट्रियातला कॅथलिक शेतकरी, हिटलरच्या फौजेसाठी लढायला नाही म्हणाला; ९ ऑगस्ट १९४३ ला शिरच्छेद, २००७ मध्ये धन्य घोषित. त्याच्या बिशपनेही त्याला घरच्यांचा विचार कर असंच सुचवलं होतं. दोघांचा शत्रू एकच, वाटा उलट्या. "बरोबर कोण?" असं विचारू नका, "कोणाला काय किंमत पडली?" असं विचारा.

सोपारा_बंदर

वसईचं उदाहरण. सामना न लावता सांगतो.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाशी झालेल्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. पाचच वर्षांनी, १५३९ मध्ये, स्पेनच्या सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया हा डॉमिनिकन संघाचा धर्मगुरू व्याख्यानात सांगत होता की धर्म वेगळा असणं हे युद्धाचं न्याय्य कारण नाही, साम्राज्य वाढवणं हेही नाही, राजाचा मोठेपणा हेही नाही. इकडे तेव्हा साष्टी-वसईत बस्तान बसत होतं. पुढे किल्ल्याची तटबंदी झाली, बुरुजांना नावं पडली साव सेबाश्तियाव, साव पावलू, साव पेद्रू. पेद्रू म्हणजे तोच पेत्र, ज्याला तलवार म्यानात घाल म्हटलं होतं. धाग्याच्या शीर्षकातला प्रश्न मुलांना किल्ल्यातच उभं करून विचारा. उत्तर असं : संताचं नाव दिल्याने भिंत पवित्र होत नाही, आणि हे कॅथलिक शिकवणीतूनच दाखवता येतं, बाहेरून टीका उसनी आणावी लागत नाही.

याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया. फ्रान्सिस्कन संघाचा बंधू, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २५ साथीदारांबरोबर क्रूसावर, १८६२ मध्ये संतपद. त्याच्यापाशी शस्त्र नव्हतं. पण आदल्या वर्षी सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला फुटलं होतं, आणि त्याच्या सुकाणूवाल्याने बढाई मारली म्हणतात की आधी मिशनरी जातात, मग राजाची फौज येते. ते जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कानावर गेलं. छळाची कारणं आणखीही होती, पण मुद्दा उरतोच. दुसऱ्याच्या तलवारीची सावली निःशस्त्र माणसावर पडते.

१७३९ चं फक्त तहापुरतं घ्या. मे महिन्यात सुरुंगांनी तट फुटल्यावर किल्ला शरण आला. चिमाजी अप्पांनी शिबंदीला शस्त्रांसह, बायकामुलांसह बाहेर जाऊ दिलं, मागे राहणाऱ्यांना धर्म पाळायची मोकळीक मिळाली. "कसं लढावं, कसं थांबावं" या प्रश्नावर ख्रिस्ती गटाने अभ्यासावं असं उदाहरण बिगरख्रिस्ती सेनापतीचं निघालं, याचं अवघडलेपण वाटून घ्यायचं कारण नाही. आणि लढाईनंतर मराठ्यांनी नेलेल्या चर्चच्या घंटा? नाशिकच्या नारोशंकर मंदिरात एक आहे. अक्वायनस (प्रश्न ६६, कलम ८) म्हणतो, न्याय्य युद्धातली लूट चोरी नव्हे, पण लोभापोटी घेतली तर पाप. हा निकष दोन्ही बाजूंच्या लुटीला लावा.

धागा_राखणदार

घंटांवर उपधागा नको. मागच्या वेळी १४० प्रतिसाद झाले होते आणि त्यातले तीन विषयावर होते.

वलांडणारा

मच्छीमार पोरांना वसईचा तह लांबचा वाटेल. त्यांच्यासाठी हे घ्या.

रात्रीची वेळ, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत एलईडी दिवे लावून पर्ससीन (माशांचा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याची मासेमारी) चाललंय. आपली डोलवाली (पिशवीसारख्या जाळ्याची) बोट जवळ जाते. त्यांच्या बोटीवर पंचवीस-तीस खलाशी, आपले पाच. जाळं फाटलंय, डोकी तापलीत, हातात बांबू आणि दोर कापायचा कोयता. आता प्रश्न एकेक पायरीने टाका. ओरडणं? चालेल. आडवी बोट घालणं? त्यांचं जाळं कापणं? बोटीवर चढणं? तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) बांधून बंदरात आणणं?

अक्वायनसचं स्वसंरक्षणाचं कलम (प्रश्न ६४, कलम ७) इथे चपखल बसतं. जीव वाचवताना समोरचा मेला तर ती कृती गैर ठरतेच असं नाही, पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं तर गैर. आता भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ उघडा. ३७ मध्ये जवळजवळ तेच : बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही.

पोरं हमखास चुकतात ती चौथ्या पायरीवर. दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवला की हल्लेखोर तुम्ही झालात, बचावाचा हक्क तिकडे गेला. त्यांचं मासेमारी करणं बेकायदा होतं, याने तुमचं चढणं कायदेशीर होत नाही. फाटलेल्या जाळ्याचा राग खरा असतो, पण अक्वायनसच्या भाषेत हेतू बचावावरून शिक्षेवर सरकला, आणि शिक्षा देणं खाजगी माणसाचं काम नाही.

मग करायचं काय, हेही सांगा, नाहीतर उपदेश हवेत विरतो. बोट दूर ठेवा, अंगाला अंग लागू देऊ नका. नोंदणी क्रमांक, वेळ आणि जीपीएसचं स्थान टिपून घ्या. दिव्यांचा फोटो दुरून नीट येत नाही, व्हिडिओत आजूबाजूच्या ओळखीच्या खुणा येऊ द्या. सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४. मोबाइलला रेंज नसेल तर बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६. दुसऱ्या दिवशी मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मच्छीमार सोसायटीच्या शिक्क्यासह, पोच घेऊन. शांतीमंडळीवालाही यातलं सगळं करू शकतो. मतभेद सुरू होतो तो कोयता उचलण्यापाशी.

घोलवडचे_चिकू

सगळं नाही हो. पोलिसांना बोलावणं म्हणजे दुसऱ्याच्या हाताने बळ वापरणं, असं म्हणणारे कडवे मेनोनाइट आहेत. बहुतेक जण बोलावतील, पण प्रश्न मुलांपुढे असू द्या.

खाडीपलीकडे

भरपूर मिळालं, सर्वांचे आभार. आराखडा असा : वचनांची कार्डं, सहा-सहाचे पाच गट, २५ मिनिटं. पहिली चार शतकं, १० मिनिटं. २३०९ आणि चुका, २०. डहाणू आणि डिर्क, १५. बोटीचा प्रसंग, ३०. उरलेल्या २० मिनिटांत प्रश्न. वसई पुढच्या रविवारी किल्ल्यातच घेऊ, वर्गात ती नीट उतरणार नाही.

कंदीलवाला

वचनांना २५ मिनिटं कमी पडतील, गटात एक जण मोठ्याने वाचतो तेव्हाच दहा जातात. पहिली चार शतकं पाच मिनिटांत उरका, फक्त मॅक्सिमिलियन आणि बाझिल. आणि कार्डावर वचनाच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा ओळी छापा. नुसता क्रमांक दिला तर मुलं मोबाइलवर तेवढंच वचन उघडतात.

दगडी_जेट्टी

२३०९ फळ्यावर लिहिताना चार अटींना १, २, ३, ४ आकडे घालू नका. आकडे दिसले की मुलं गुण मोजायला लागतात.